सॉनाचं बोलावणं आलंय. नजर कुठे ठेवायची?

मिरजेची सिस्टर | गुरुवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे चार वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय अवघड जागेचं दुखणं आहे, सांभाळून घ्या.

मी नर्स. मिरजेत अकरा वर्षं काढली, त्यातली सात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात. गेल्या नोव्हेंबरपासून जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात आहे. आमच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी बाई या महिनाअखेर रिटायर होतेय. आपल्याकडे असं असलं की शाल, श्रीफळ, दोन भाषणं, बटाटेवडा. हिने सांगितलं, भाषणं नकोत, सगळे मिळून सॉनाला, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत घाम काढायला, जाऊ. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी. आम्ही सहा नर्सा, दोन डॉक्टर, एक फिजिओचा पोरगा. मी विचारलं, पोहायचा ड्रेस आणू ना? तर म्हणाली, तलावाच्या बाजूला आण, सॉनात चालत नाही. 'गरज नाही' म्हणाली असती तर वेगळं. 'चालत नाही' म्हणाली. मी हसून मान हलवली आणि औषधांच्या खोलीत जाऊन पाच मिनिटं सलाइनच्या बाटल्या मोजत उभी राहिले.

आता माझी खरी अडचण सांगते. मी अंगं पाहिलेली नाहीत असं नाही. रोज सकाळी स्पंज दिलेत, कॅथेटर घातलेत, हर्नियाच्या पेशंटची ऑपरेशनआधीची तयारी केलीय. नोकरीच्या पहिल्या वर्षी आईला हे फार लागायचं. "परक्या बाप्यांची अंगं पुसतेस." मी म्हणायचे, आई, ते अंग नसतं गं, काम असतं. खरंच तसं होतं. एकदा पलंगाभोवती पडदा ओढला की मला पाठ दिसायची, पाठीवरचं लाल झालेलं कातडं दिसायचं, बाकी काही नाही.

पण परवापासून लक्षात येतंय की त्या पडद्याआड एक जण कपड्यात असायचा, आणि ती मी असायचे. उघडा तो, युनिफॉर्म माझा. आता सगळेच एका माळेचे मणी होणार म्हटल्यावर माझे हातपाय गार पडलेत.

तर विचारायचं असं की या लोकांना खरंच काही वाटत नाही, की वाटत नाही असं दाखवायची सवय झालेली असते? आणि ही गोष्ट छत्तिसाव्या वर्षी शिकता येते का? नवरा सांगलीत आहे, व्हिसा व्हायचाय. त्याला फोनवर सांगितलं. आधी म्हणाला, तुझं तू बघ. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, फोटो नका काढू म्हणजे झालं.

उपदेश नको. गेलेल्यांनी सांगा.

इसारकाठचा | शुक्रवार, सकाळी ७:१५

ताई, म्युनिकात माझं तेरावं वर्ष. पहिल्या हिवाळ्यात ऑफिसबरोबर डोंगरात गेलो होतो, हॉटेलात सॉना होता. मी गुडघ्यापर्यंतची पोहायची चड्डी घालून आत शिरलो. वरच्या बाकावर एक आजी बसली होती, सत्तरीची असेल. तिने माझ्या चड्डीकडे बोट केलं. माझ्याकडे नाही, चड्डीकडे. शाळेत च्युइंगम खाताना पकडल्यावर बाई बघतात तशी नजर. मला वाटलं लाजेबद्दल काही बोलेल. तर म्हणाली, हे प्लास्टिकचं कापड, यात तलावाचं क्लोरीन आहे, इथे तापलं की वास मारतं. आयुष्यभर जपलेली माझी लाज बाईने एका वाक्यात स्वच्छता खात्याकडे वर्ग केली.

ते खातं फार कडक आहे. मोठे टॉवेल दोन ने, एक बसायला, एक पुसायला. घामाचा थेंब लाकडावर पडता कामा नये. बूड तर सोडाच, पावलंसुद्धा टॉवेलवर. आत जायच्या आधी शॉवर, मग अंग कोरडं करायचं. सपाता दाराबाहेर. बाथरोब बाहेर खुंटीला. तो सोडायचा तो तिथेच, दारात. एरवी फिरताना, खाताना अंगावर असतो. मोबाईल लॉकरमध्ये, त्यामुळे नवरोबांना निश्चिंत राहायला सांगा. भिंतीवर वाळूचं घड्याळ असतं, पंधरा मिनिटांचं. नवख्या माणसाने त्याच्याकडे बघावं. मी पहिले सहा महिने फक्त वाळू पाहिली.

मध्येच औफगुस होतो. सॉनामास्टर येऊन तापल्या दगडांवर वासाचं पाणी ओततो आणि टॉवेल गरगरा फिरवून ती वाफ लोकांच्या तोंडावर मारतो. शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. नागड्या माणसांच्या टाळ्या हा प्रकार एकदा ऐकाच. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं: नव्वद अंशाला माणसाची एकच वासना शिल्लक राहते, दाराबाहेर पडायची. (हलकेच घ्या.)

अवांतर: हे लोक असेच जन्माला आलेत असं समजू नका. कपडे उतरवून ऊन खायची ही चळवळ गिरण्या-कारखान्यांच्या धुरातून निघाली. पहिली संस्था एसेनला, १८९८ साली. एसेन म्हणजे कोळसा आणि पोलाद. १९३३ मध्ये नाझींनी बंदीचा हुकूम काढला. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारनेही १९५४ साली बाल्टिकच्या किनाऱ्यावर बंदी घालून पाहिली, लोकांनी जुमानली नाही, दोन वर्षांत मागे घ्यावी लागली. म्हणजे सव्वाशे वर्षं भांडून, शिकून झालेली सवय आहे. तुम्हाला एक आठवडा मिळालाय, जरा कमी आहे.

स्पष्टवक्ता | शुक्रवार, सकाळी ११:०२

आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, विषय संपला. पैसे कमवायला गेलात, कमवा. त्यांच्यासारखं वागलंच पाहिजे असं काही नाही. नाही म्हणायला शिका.

जयसिंगपूरकर | शुक्रवार, दुपारी १:३०

@स्पष्टवक्ता, 'आपल्या' म्हणजे नक्की कुणाच्या? मी शिरोळ तालुक्यातला जैन शेतकरी. आमच्या गावात चातुर्मासाला दिगंबर मुनी असले की चार महिने विवस्त्र पुरुष रस्त्याने चालत असतो, पुढे-मागे बायाबापड्या, पोरंटोरं, आणि कुणालाही त्यात काही दिसत नाही.

ताई, तुमचा प्रश्न नजरेचा आहे म्हणून घरचं सांगतो. महाराज आहाराला निघाले की आम्ही धूतवस्त्रं नेसून दारात कलश घेऊन उभे राहतो आणि म्हणतो, "नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ." घरी आले तर भाग्य. ते दिवसातून एकदाच जेवतात, उभ्याने, दोन्ही हातांच्या ओंजळीत. ताट नाही, वाटी नाही. आणि घासात केस निघाला, मुंगी निघाली, की अंतराय. तिथेच जेवण थांबलं, पाणीसुद्धा आता उद्याच. त्यामुळे माझ्या आजीची काय तारांबळ! ती प्रत्येक घास उजेडाला धरून बघायची, मग ओंजळीत ठेवायची. घरातली आठ-दहा माणसं, सगळ्यांचे डोळे त्या ओंजळीवर. श्वास रोखून. महाराजांच्या अंगावर काय आहे नि काय नाही, हे बघायला डोळा मोकळा तर हवा.

कॉलेजात असताना पुण्याचा रूममेट घरी आला होता. नेमकी त्याच दिवशी महाराजांची विधी (आहारासाठी मनात धरलेली अट) आमच्या दारात जुळली. रूममेट कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होता. त्याच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला महाराज नागडे दिसले. तोवर माहीत होतं, दिसलं नव्हतं. घासभर वेळ असेल. मग आजीने मला कोपराने ढोसलं, दूध दे म्हणाली, आणि पुन्हा ओंजळ दिसायला लागली.

कुंभोजच्या बाहुबलीला भगवान बाहुबलींची २८ फुटी विवस्त्र मूर्ती आहे, श्रवणबेळगोळची ५७ फुटी. नवी सून घरात आली की सासूच दर्शनाला घेऊन जाते. सुनेने मान खाली घालावी असं कुणी सांगत नाही, उलट वर बघ म्हणतात, पायावर चढलेली वेल बघ.

दोन गोष्टी मात्र कबूल करतो. एक, मुनींचं दिगंबरत्व हे व्रत आहे, सगळं सोडल्याची शेवटची पायरी. अंग शेकायला कपडे काढणं आणि ते, एका पारड्यात घालू नका. आमच्याकडचे लोक चिडतील आणि बरोबर चिडतील. दुसरं, आमच्या आर्यिका माताजी, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसतात. म्हणजे बाईच्या अंगाचा प्रश्न आम्हीही सोडवलेला नाही, बाजूला ठेवलाय.

स्पष्टवक्ता | शुक्रवार, दुपारी २:१०

मुनींची गोष्ट वेगळी. तुम्हीच म्हणालात.

तिरपी रेघ | शुक्रवार, रात्री ९:२०

मी मुंबईच्या एका कला महाविद्यालयातून शिकले. दुसऱ्या वर्षी न्यूड स्टडीचा पहिला तास. आदल्या रात्री झोप नाही. तास सुरू झाला आणि दहा मिनिटांत मला फक्त एकच चिंता: डाव्या खांद्याची रेघ कमरेच्या रेघेला समांतर का येत नाहीये. सर मागे येऊन म्हणाले, वजन कुठल्या पायावर आहे ते बघ. बघितलं तर उजव्या. संपलं.

पण खरी गंमत मधल्या सुट्टीत. मॉडेल बाई पोझ सोडली की आधी गाऊन अंगावर घ्यायच्या, दोरी बांधायच्या, मग चहा. वीस मिनिटं ज्यांना आम्ही डोळे फाडून पाहिलं त्याच त्या. एकदा गाऊन खुर्चीवरून घसरून टेबलामागे पडला आणि त्यांना चार पावलं तशीच टाकावी लागली, तर आम्ही सगळी पोरं-पोरी एकदम खिडकीबाहेर बघायला लागलो. लाकडी स्टुलावर होत्या तोवर अभ्यास, खाली उतरल्या की एक बाई. अंग तेच.

सिस्टर, तुमचा पलंगाभोवतीचा पडदा आणि आमचं स्टूल एकच काम करतात असं मला वाटतं. सॉनाचं स्टूल कोणतं ते तिथे गेल्यावर शोधा.

अवांतर, 'आपली संस्कृती'वाल्यांसाठी: र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चालवत होते, मुंबईत, मराठीत, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र छापून. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, मासिक बंद केलं नाही. तेही आपल्याच संस्कृतीत झालं.

कडक चहा | शनिवार, सकाळी १०:४५

सगळं छान छान चाललंय म्हणून थोडी साखर कमी करते. बर्लिनमध्ये नऊ वर्षं. मी सॉनाला जाते, आवडतो. पण 'इथे कुणाला काही वाटतच नाही' हे खोटं. बघणं आणि टक लावणं यात फरक आहे आणि तो प्रत्येक बाईला मानेच्या मागच्या केसांनी कळतो. एकदा एक बाप्या मी ज्या खोलीत जाईन त्या खोलीत माझ्यामागून यायला लागला. तिसऱ्या वेळी मी सरळ तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितलं. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही, 'तुम्हाला तसं वाटलं असेल' म्हणाला नाही. त्या माणसाला बाजूला घेतलं, आणि थोड्या वेळाने तो कपडे घालून, बॅग घेऊन बाहेर जाताना दिसला. माझ्या मते नजरा साफ राहतात त्या यामुळे. संस्कारांमुळे नाही, आत्म्यामुळे तर नाहीच. सगळ्यांना माहीत असतं की नियम मोडला तर हाकलतात.

ताई, दोन व्यावहारिक गोष्टी. सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदा जाऊ नको. अनोळखी माणसांत सोपं असतं, ती परत भेटत नाहीत. त्या डॉक्टरबरोबर तुला सोमवारी राउंड घ्यायचाय. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून एक दिवस फक्त बायकांचा असतो. आधी एकटी जाऊन ये, मग ठरव. आणि नाही म्हणावंसं वाटलं तर 'नाही, मला नको' एवढंच म्हण. पोट दुखतंय वगैरे सांगत बसू नको. जर्मन माणसाला नकार नीट कळतो, सबबी कळत नाहीत. तो खरंच पोटाचं औषध आणून देईल.

(@स्पष्टवक्ता, 'नाही म्हणायला शिका' याच्याशी सहमत. फक्त तेवढ्याच ओळीशी.)

चांदणवेल | शनिवार, दुपारी ४:००

टोकियोहून. आमच्याकडे बायका-पुरुष वेगळे, दारावर पडदे, साधारणपणे बायकांचा लाल, पुरुषांचा निळा. त्यामुळे तुझ्याइतकं अवघड नाही. पण माझ्याबरोबर आई होती!

आई सदुसष्टची, चिपळूणची. हाकोनेला गरम पाण्याच्या झऱ्यावर नेलं. मी विमानात बसल्यापासून घाबरलेली, हिला सांगायचं कसं. शेवटी कपड्यांच्या टोपल्यांपाशी उभं राहून सांगितलं, आई, सगळं काढायचं. आईने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "एवढ्या सगळ्या बायका एकाच पाण्यात?" तिची हरकत त्याला! अंगाचं काही नाही, पाणी उष्टं होतं त्याचं. मग मी दाखवलं की आधी प्रत्येक जण छोट्या स्टुलावर बसून साबण लावून नखशिखांत आंघोळ करतो आणि मगच कुंडात उतरतो, हातातला छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर घडी करून ठेवायचा. हे बघितल्यावर आईचं मत एकदम पालटलं. "सोवळं आहे की हे," म्हणाली. टॉवेल डोक्यावर ठेवून पाऊण तास बसली. मलाच बाहेर काढावी लागली, चक्कर येईल म्हणून.

रात्री मावशीला फोनवर सांगत होती: "अगं सगळ्यांची पोटं माझ्यासारखीच लोंबतात. जपानी झाल्या म्हणून काय झालं."

इथेही एके काळी सार्वजनिक न्हाणीत बायका-पुरुष एकत्र असायचे. १८५३-५४ साली अमेरिकन नौदल अधिकारी पेरीची जहाजं आली, त्यांच्या लोकांनी ते बघून नाकं मुरडली, आणि पुढे मेइजी सरकारने पाश्चात्त्यांपुढे शोभा नको म्हणून बंदीचे हुकूम काढले. म्हणजे लाज बरीचशी बाहेरून आणली. आता तेच पाश्चात्त्य इकडे येऊन टॉवेल गुंडाळून कुंडात उतरतात आणि आजीबाईंची बोलणी खातात.

मिरजेची सिस्टर | शनिवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. कडक चहा, तुझं ऐकणार. इथल्या बाथमध्ये मंगळवार बायकांचा आहे, माझी सुट्टीही आहे. जयसिंगपूरकर, तुमच्या आजीची ओंजळ डोक्यातून जात नाहीये. आमच्या वॉर्डातही महाराजांचे बरेच भक्त यायचे, पण हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

मिरजेची सिस्टर | पुढच्या आठवड्यातला रविवार, दुपारी १२:०५

जाऊन आले. दोन्हीकडे. लांबलंय, बसून वाचा.

मंगळवारी लॉकरपाशीच वीस मिनिटं गेली. बाथरोबची गाठ दोनदा सोडली, दोनदा बांधली. शेवटी शेजारच्या लॉकरवाल्या म्हाताऱ्या बाईने विचारलं, काही अडकलंय का, मदत करू? तिला वाटलं किल्ली अडकली. मग गेले.

आत गेल्यावर पहिल्यांदा काय दिसलं सांगू? टाके. खालच्या बाकावर एक, तिच्या कमरेच्या बाजूला खुब्याचा सांधा बदलल्याचा व्रण, छान भरलेला. वर एकीच्या पोटावर बेंबीपासून खाली उभा, जुना, थोडा जाड झालेला. तो कुणीतरी घाईत घेतलाय. कोपऱ्यात एकीला एकच स्तन होता, दुसऱ्या जागी तिरकी रेघ. तिने डोळे मिटून मान मागे टेकवली होती. मी व्रण वाचत बसले आणि वाळू अर्धी खाली आली तेव्हा लक्षात आलं की मी मनाने युनिफॉर्म घालून बसलेय. म्हणजे फसवणूकच. तिरपी रेघ, मी आपलं जुनं स्टूलच सोबत घेऊन गेले होते.

शुक्रवारी ते चाललं नाही. ओळखीची माणसं. दारातच "गुटन आबेंड" असं कुणीतरी म्हणालं, मी वळून बघते तर कोण ते कळेना. आमचे मोठे डॉक्टर! वॉर्डात खिशात तीन पेनं, गळ्यात कार्ड, मागे चार जण. इथे साधासा, खांदे पडलेला, पोटऱ्या बारीक असलेला माणूस, आणि बाकावर जागा कुठे आहे हे शोधतोय. मला पहिल्यांदा त्यांची कीव आली, तोवर भीती वाटायची.

फिजिओच्या पोराबद्दल खोटं सांगणार नाही. सव्वीसचा आहे, पोहतो. नजर गेली. गेली, आणि गेलीय हे मला कळलं, आणि परत आली. त्याला कळलंही नसेल. एवढंच झालं. मला वाटायचं की 'काही वाटत नाही' म्हणजे माणूस दगड होतो. तसं नाहीये. रस्त्यावर एखादा देखणा माणूस बघतो तेवढंच होतं, त्यापेक्षा जास्त नाही, आणि मग घाम डोळ्यांत जातो.

आता जे मुळात सांगायचंय ते. मी सगळं काढलं होतं, मंगळसूत्र सोडून. इथे कामावर बांगड्या पहिल्याच दिवशी उतरल्या, पण मंगळसूत्र मी कॉलरच्या आत टाकते, आजवर कुणी काही बोललं नाही. मंगळवारी खालच्या बाकावर होते, जेमतेम आठ मिनिटं, काही झालं नाही. शुक्रवारी सगळ्यांबरोबर मधल्या बाकावर बसले. औफगुस सुरू झाला, त्याने पहिला टॉवेल फिरवला, आणि वाट्या अशा तापल्या की छातीवर कुणी इस्त्री टेकवली. मी "आई गं" म्हणून ओरडले, अस्सल मराठीत. रिटायर होणारी बाई शेजारीच होती. तिने एका हाताने वाट्या उचलून धरल्या, टॉवेलचं टोक मध्ये घातलं आणि पुटपुटली, "धातू बाहेर." मग खाली बघून, तितक्याच हळू, "आणि पाय टॉवेलवर." माझी पावलं लाकडावर होती. ओली. इतक्या माणसांत उघडी बसलेय त्याचं काही नाही, आणि पायाच्या घामाने मी कानापर्यंत लाल झाले.

बाहेर येऊन गार पाणी ओतून घेतलं. छातीवर दोन लाल चकत्या, पहिल्या डिग्रीच्या, काही विशेष नाही. दुसऱ्या फेरीला जायचं तर मंगळसूत्र काढावं लागणार. लॉकरपाशी उभी राहिले. लग्नाला बारा वर्षं झाली, दोन वेळा सोडलं तर गळ्यातून काढलेलं नाही. एकदा सिझेरियनला, एकदा पोत तुटली म्हणून. कपडे काढताना मंगळवारी वीस मिनिटं लागली होती. याला त्याहून जास्त लागली. काढून बाथरोबच्या खिशात ठेवलं, मग भीती वाटली म्हणून लॉकरमध्ये, मोज्याच्या आत. परत जाताना हात सारखा गळ्याशी जात होता. माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं आणि मला वाटत होतं सगळे तिथेच बघताहेत, जिथे आता काहीच नाही. खरं नागडं वाटलं ते तेव्हा, त्याच्या आधी नाही.

वाळू दोनदा उलटली तेव्हा हात खाली आला.

मग जेवण झालं, बाथरोबमध्येच, बटाट्याचं सॅलड आणि बिअर. त्या बाईने भाषण नको म्हटलं होतं तरी मोठे डॉक्टर उभे राहून दोन वाक्यं बोललेच. ती रडली. मी तिला मिरजेहून आणलेली शाल दिली. तिने ती बाथरोबवरूनच पांघरली आणि निघेपर्यंत काढली नाही.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, फिजिओचंसुद्धा. तो ऐकून घेत होता. मंगळसूत्राचं सांगितलं तेव्हा म्हणाला, भाजलं किती? मी म्हटलं, दोन चकत्या. म्हणाला, बर्फ लावलास का? बस, एवढंच.

पुढच्या महिन्यात परत जाणार आहे, मंगळवारी, एकटी. एक शेवटचा प्रश्न आहे, मूळ विषयाशी संबंध नाही: नुसत्या दोऱ्यात ओवलेली, सोनं-बिनं काही नसलेली काळी पोत जर्मनीत कुठे मिळते का?

इसारकाठचा | रविवार, दुपारी १२:४०

इंडियन दुकानात बघा. मिळाली तर दोन घ्या, बायको विचारतेय. आणि पाय टॉवेलवर, हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं.

चांदणवेल | रविवार, दुपारी १:१५

आई म्हणतेय, चिपळुणात मिळते, मी पाठवते, किती लांब हवी ते विचार.